बासची दांडी, मरळीचं पाणी

दर उन्हाळ्यात ओळखीतल्या एखाद्या पोराचा फोन येतोच. अमेरिकन व्हिडिओ पाहून त्यानं दांडी, रील आणि डबाभर ल्यूर (नकली आमिषं) मागवलेले असतात. प्रश्न ठरलेला: "भाऊ, नागपुरात बास कोण्या तलावात भेटते?"

कोण्याच नाही. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेचा मासा. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं २२ पौंड ४ औंसांचा बास धरला आणि तो विक्रम आजही उभा आहे. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरितानं जवळपास तेवढ्याच वजनाचा धरून बरोबरी साधली. पण जपानमध्ये हा मासा १९२५ साली बाहेरून आणून सोडलेला. पुढे त्यानं तिथल्या देशी माशांचा असा फडशा पाडला की सरकारला त्याच्याविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा आपल्या तलावांत बास नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे मरळ आहे.

बासचं सगळं सामान मरळीला चालतं, कारण दोघांचा धंदा एक. उथळ, झाडोऱ्यानं भरलेल्या पाण्यात दबा धरायचा आणि बेडूक, मासोळी, जे समोरून जाईल त्याच्यावर तुटून पडायचं. पण तीन बाबतींत मरळ वेगळी आहे. ती हवेत श्वास घेते. तिचं तोंड हाडाचं आणि दातांचं आहे. आणि पावसाळ्यात ती पिल्लं राखते. व्हिडिओतलं शिक्षण जिथे तोकडं पडतं ते याच तीन जागी, म्हणून माझा जोर त्यांच्यावरच राहील.

आधी पाणी, मग परवानगी

शहरातले तलाव मी नवशिक्याला सुचवत नाही. फुटाळ्यावर संध्याकाळी अर्धं नागपूर फिरायला येतं. मागे दांडी फेकली की कोणाच्या तरी शर्टात गरी अडकणार. अंबाझरी, गोरेवाडा, सोनेगाव इथे कुठे काय चालतं याचे नियम वेगवेगळे आणि पाट्या लावलेल्या असतात. त्या वाचा आणि पाळा. पेंच व्याघ्र प्रकल्पातला तोतलाडोह किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातलं पाणी, तिकडे दांडी घेऊन जायचंच नाही.

खरी मजा मौदा, कुही, भिवापूर, रामटेक या पट्ट्यातल्या गावतलावांत आहे. यातले बरेचसे मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव. धानाला पाणी मिळावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी बांधलेले, एका बाजूला मातीची पाळ आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू उथळ होत शेतात शिरणारं पाणी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नाव मात्र राहिलं. आज अशा तलावांचा मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी गावातल्या ढीवर बांधवांच्या मच्छीमार संस्थेकडे असतो. तलावात बीज त्यांनी सोडलेलं असतं आणि पोट त्यांचं त्यावर असतं. म्हणून पहिली फेरी दांडीशिवाय मारा. चहाच्या टपरीवर संस्थेचा अध्यक्ष कोण ते विचारा, त्याला भेटा आणि सांगा की रोहू-कतल्याला हात लावणार नाही, मरळ लागली तर सोडून देईन, नाहीतर भाव लावून पैसे देईन. मला बहुतेकांनी हो म्हटलं आहे. एकदा मी न विचारता पाळीवर चढलो होतो. त्या दिवशी जे ऐकून घ्यावं लागलं ते माझ्याच कर्मानं, इथे लिहिण्यासारखं नाही.

शेततळ्याचं गणित वेगळं. प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्यात झाडोरा नसतो, दबा धरायला जागा नसते, त्यामुळे मरळ क्वचितच. जुनं, मातीचं, काठाला बेशरमाचं झुडूप माजलेलं तळं असेल तर मालकाशी गोडीत राहा.

पाणी वाचायचं कसं

तलावावर पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं दोरा पाण्यात टाकू नका. नुसतं पाहा. बासवाल्यांना हे सुख नाही, कारण बास पाण्यातच श्वास घेतो. मरळीला कल्ल्यांवर भागत नाही. तिला दर थोड्या वेळानं वर येऊन हवा घ्यावीच लागते, नाही मिळाली तर ती पाण्यात राहूनही गुदमरते. बाजारात मरळ टोपल्यात थोड्याशा पाण्यात जिवंत विकता येते ती याच जोरावर. तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच, की मासा स्वतः येऊन पत्ता सांगून जातो.

हवा घेताना 'बुळुक्' असा एक जाडसर आवाज येतो आणि पाण्यावर वर्तुळ उठतं. मासोळी उडाल्यावर उठतं त्यापेक्षा संथ, आणि मधे एखाददुसरा बुडबुडा. रोहू-कतलाही वर येतात, पण त्यांचं वर्तुळ बहुधा उघड्या, खोल पाण्यात असतं. मरळीचं वर्तुळ काठाजवळ, शिंगाड्याच्या वेलीच्या कडेला, जलपर्णीच्या दोन गठ्ठ्यांमधल्या फटीत, पाण्यात वाकलेल्या बेशरमाच्या बुडाशी. एकाच जागी दोनदा दिसलं तर ती जागा तिची.

वर्तुळ दिसलं की नवशिका थेट त्याच्या मधोमध ल्यूर आपटतो. डोक्यावर धप्पकन पडलेलं काहीही कोणाला आवडत नाही. वर्तुळाच्या दोन-तीन हात पलीकडे टाका आणि तिथून सहज चाललेल्या बेडकासारखं त्या जागेवरून आणा.

शिंगाड्याच्या तलावात एक भान ठेवा. वेली कोणाच्या तरी पिकाच्या आहेत. कडेनं खेळा. मधे टाकून वेल उपटत आणू नका.

दांडी, रील, दोरा

खर्च कुठे करायचा ते आधी सांगतो: दोऱ्यावर आणि गरीवर. पोरं ल्यूरवर पैसे उडवतात आणि दोरा मिळेल तो भरतात. मी सुरुवातीला स्वस्त नायलॉन वापरला. चांगली हातभर मरळ वेलीत शिरली, मी ओढलं, नायलॉन रबरासारखा ताणला आणि तुटला. मासाही गेला, फ्रॉगही (बेडकासारखा रबरी ल्यूर) गेला आणि एका माशाच्या तोंडात माझी गरी राहिली. ते शेवटचं जास्त लागलं.

दोरा म्हणजे विणलेला ब्रेड, ४० पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारा. उघडं पाणी असेल तर ३० चालतो, जलपर्णी दाट असेल तर ५०. ब्रेड ताणत नाही, त्यामुळे लांबवरूनही झटका गरीपर्यंत पोचतो आणि तो हिरवा पाला कापत येतो. रीलवर ब्रेड थेट गुंडाळला तर सगळा गुंडाळा स्पूलवर (रीलच्या फिरकीवर) गरगर फिरतो आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग, म्हणजे दोरा किती जोरानं सुटावा ते ठरवणारी रीलमधली कळ, बिघडला. खाली आठ-दहा वेढे साध्या नायलॉनचे घ्या, मग ब्रेड जोडा.

दांडी साडेसहा ते सात फुटांची, मीडियम-हेवी ताकदीची, टोक चपळ. बासच्या पुस्तकात फ्रॉगसाठी सात फुटांहून लांब आणि हेवी दांडी सांगतात. ते बोटीत उभे असतात. आपण पाळीवर असतो आणि मागे बाभूळ असते, म्हणून मी साडेसहावर खूष आहे.

रील नवशिक्यानं स्पिनिंगच घ्यावं, ३००० नंबरचं. बेटकास्टर (अंगठ्यानं स्पूल आवरायचं रील) दिसायला रुबाबदार, पाल्यातून मासा उपटायला जबर, पण अंगठ्याचा अंदाज चुकला की स्पूलवर चिमणीचं घरटं तयार. ते सोडवण्यात सकाळ जाते, आणि सकाळ दोन तासांचीच असते. वर्षभरानंतर घ्या. ड्रॅग मात्र दोन्हींवर घट्ट हवा. हातानं दोरा ओढला तर कुरकुरत सुटावा, सहज नाही. उघड्या पाण्यात मासा खेळवतात तसं मरळीला खेळवायचं नसतं. तिला दोन हात मोकळे मिळाले की ती बुडाशी जाऊन वेलींना वेढे घालते.

गाठ एकच शिका, पालोमार. दोरा दुहेरी करून तो गरीच्या कडीतून ओवायचा, दुहेरी दोऱ्याची एक साधी सैल गाठ मारायची, उरलेल्या फाशातून अख्खा ल्यूर पार करायचा, थुंकीनं ओलं करून सावकाश आवळायचं. ओलं न करता खेचलं तर घर्षणानं दोरा पोळतो आणि गाठ तिथेच कच्ची राहते. दाट पाल्यात मी लीडर (ब्रेडच्या पुढे जोडायचा वेगळा दोरा) लावत नाही, ब्रेड थेट बांधतो. पाणी स्वच्छ आणि मोकळं असेल तर हातभर ४० पौंडी फ्लुरोकार्बन पुढे जोडतो. मरळीचे दात ब्रेड एका झटक्यात कापत नाहीत, पण खरवडतात. दर माशानंतर शेवटची वीतभर बोटांतून ओढून पाहा. लव उठलेली लागली तर कापा आणि नव्यानं बांधा.

डब्यात काय ठेवायचं

चार वस्तू पुरतात, आणि त्यातली एक तर ऐंशी टक्के वेळ वापराल.

ती म्हणजे पोकळ रबरी फ्रॉग. पाच-सहा सेंटिमीटर लांब, दहा-पंधरा ग्रॅम वजनाचा, पाठीला चिकटून वर वळलेली जोडगरी. पाल्यावरून घसरत येतो तेव्हा गरी अंगात दडलेली असते. मासा चावला की पोट दबतं आणि टोकं उघडी पडतात. बासचा हा शोध जणू मरळीसाठीच लागला असावा. पण दुकानातून आणला तसा तो वापरायचा नसतो. आधी दाबून पाहा. दोन बोटांच्या हलक्या दाबानं टोकं बाहेर आली नाहीत तर फ्रॉग कडक आहे. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून चुरगाळा. मग बारीक पक्कडीनं दोन्ही टोकं केसभर वर उचला, केसभरच, जास्त उचलली तर प्रत्येक काडी अडकेल. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हळूच ओढा. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. बोथट असेल तर कानस लावा. मरळीच्या जबड्याचं हाड काय चीज आहे ते पहिले तीन मासे सुटल्यावर कळतं. शेवटी रबरी पायांच्या झिरमिळ्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड कापा. फ्रॉग सरळ न येता डावी-उजवीकडे मुरडत येतो.

रंगाचा फार काथ्याकूट नको. मासा खालून पाहतो, त्याला पाठीवरची नक्षी दिसतच नाही. दिवसा पांढऱ्या किंवा पिवळ्या पोटाचा, संधिप्रकाशात काळा. काळ्याची आकृती उजळ आभाळावर ठळक उठते.

दुसरी वस्तू सॉफ्ट प्लास्टिकची मासोळी, तीन-चार इंची, शेपूट थरथरणारी. ती ४/० मापाच्या ऑफसेट (मानेत वळण असलेल्या) गरीवर अशी ओवायची की टोक पुन्हा प्लास्टिकच्या कातडीतच लपेल. फ्रॉगवर हल्ला करून चुकलेल्या मरळीला लगेच ही दाखवा. म्हणून माझ्याकडे दुसरी दांडी कायम तयार असते. तिसरी वस्तू दहा ग्रॅमचा स्पिनरबेट, सोनेरी पात्याचा. पावसाच्या पहिल्या लोंढ्यानंतर पाणी चहासारखं होतं, तेव्हा मासा डोळ्यांपेक्षा अंगाला जाणवणाऱ्या थरथरीवर धावतो. चौथा बझबेट, पाण्यावर फडफडत येणारा. सकाळच्या शांत पाण्यात मोठा पट्टा लवकर चाळायला बरा.

तीन-तीन काट्यांच्या गऱ्या लटकलेले चकचकीत क्रँकबेट पोरांना फार आवडतात. आपल्या तलावात ते मासा कमी आणि जलपर्णी जास्त धरतात. आणि जिवंत बेडूक लावायचा विचारसुद्धा नको. मोठा पिवळा बेडूक वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे.

एक नागपुरी सूचना: मे महिन्यात सॉफ्ट प्लास्टिकचा डबा गाडीच्या डिकीत विसरू नका. संध्याकाळी उघडलात तर आत सगळ्या रंगांचा मिळून एक गोळा सापडेल.

फेकणं, आणणं, आणि तो एक क्षण

फ्रॉग पाल्यावर टाका आणि वर्तुळं विरेपर्यंत हलवू नका. मग दांडीचं टोक पाण्याकडे ठेवून मनगटानं छोटे टिचके द्या, प्रत्येक टिचकीनंतर दोरा किंचित सैल. टिच, टिच, थांबा. पाल्यावरून झपाट्यानं आणलं तरी चालतं, पण मोकळी फट आली की तिथे थांबायचंच. बहुतेक हल्ले फटीत होतात. दर पाच-सहा फेकींनंतर फ्रॉग पिळा. गरीच्या भोकातून पाणी शिरलेलं असतं, जड झालेला फ्रॉग शेपटीवर बुडतो आणि मेलेला दिसतो.

आता तो क्षण. मौद्याकडच्या एका तलावावर, सप्टेंबरात, शिंगाड्याची तोड चालू होती. डोंग्यात बसलेले एक ढीवर काका माझा तमाशा पाहत होते. फ्रॉग फटीत आला, पाणी फुगलं, 'फट्' असा आवाज झाला आणि मी जिवाच्या आकांतानं दांडी मागे मारली. फ्रॉग गोळीसारखा परत येऊन माझ्या टोपीला लागला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा काका शिंगाडे तोडता तोडताच म्हणाले, "घाई काहून करतेस बाबू? तिले तोंड तं मिटू दे."

तेवढंच. दहा व्हिडिओंनी जे शिकवलं नाही ते त्यांनी एका वाक्यात शिकवलं. मरळ खालून उसळते तेव्हा पाण्याचा स्फोट आधी होतो आणि पकड नंतर बसते. पाहून झटका द्यायचा नाही, वजन लागल्यावर द्यायचा. स्फोट झाला की दांडीचं टोक खाली माशाकडे न्या, सैल दोरा रीलनं गोळा करा, मनात "एक, दोन" म्हणा आणि दोऱ्यात जिवंत ओढ जाणवली की दोन्ही हातांनी, कोपर छातीशी घेऊन, जोरात वर. अर्धवट झटका नको. हाडात गरी रुतवायची आहे. लागलीच तिचं डोकं वर काढा आणि थांबू नका. डोकं पाण्यावर असेल तर ती पाल्यावरून घसरत येते. डोकं खाली गेलं की वीस किलो जलपर्णी ओढायची तयारी ठेवा.

चुकलीच, तर फ्रॉग तिथेच मेल्यासारखा पडू द्या. दहा सेकंदांनी एक बारीक टिचकी. ती बऱ्याचदा परत येते.

त्या टोपीच्या प्रसंगापासून मी चष्म्याशिवाय फ्रॉग फेकत नाही.

हातात आल्यावर

मरळ म्हणजे साबण लावलेला दंड. बोटं तोंडात घालू नका, लिपग्रिप (जबडा धरायचा चिमटा) वापरा, दुसरा हात पोटाखाली. हात आधी ओले करा. उन्हाळ्यात पाळीचे दगड तव्यासारखे तापलेले असतात. त्यावर मासा ठेवला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच तिचं रोगापासून रक्षण करतो. ओलं गोणपाट अंथरा. गरीचे उलटे काटे पक्कडीनं आधीच दाबून ठेवले असतील तर सोडवणं काही सेकंदांचं काम. ती हवेत तग धरते म्हणून फोटोंचा सोहळा करू नका.

ठेवायची झाली तर संस्थेला विचारून एखादी मधली ठेवा, सावजी रश्श्याला पुरते. मोठ्या सोडा. बीज त्याच घालतात. शेजारच्या तेलंगणानं मरळीला राज्यमासा केलं आहे. आपण निदान तिची वीण तरी राखू.

कधी जायचं, कधी नाही

मार्च ते जूनचा पहिला आठवडा हा फ्रॉगचा काळ. तलाव आटतात, मासा एकवटतो, पाणी तापून प्राणवायू घटतो आणि मरळ जास्त वेळा वर येते. पण पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा खेळ सकाळी साडेपाच ते आठ आणि सूर्य कलल्यानंतरचा एक तास. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वात तापत्या नऊ दिवसांत, दुपारी पाळीवर उभं राहणारा माणूस माशापेक्षा आधी उताणा होईल.

मृग बरसला की मरळ विणीला लागते. मग काठाजवळ एक विचित्र दृश्य दिसेल: पाण्याचा परातीएवढा तुकडा पाऊस नसताना थरथरतोय आणि त्यात नारिंगी-लाल ठिपके वळवळताहेत. ती पिल्लं. त्यांच्या खाली आई-बाप पहारा देत असतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात, भुकेनं नाही, रागानं. त्या घोळक्यात फ्रॉग टाकला तर मासा लागणार हे नक्की, आणि म्हणूनच टाकायचा नाही. राखणारा गेला की बाकीचे मासे आणि पाखरं पिल्लं टिपून घेतात. घोळका दिसला की मी ती कड सोडून पलीकडे जातो. सोबतचा कोणी तिथे फेकू लागला तर पुढच्या खेपेला त्याला बोलावत नाही.

पावसाळ्यात आणखी एक धोका. आपल्या भागात वीज पडून दरवर्षी माणसं जातात आणि कार्बनची सात फुटी दांडी विजेला रस्ता करून देते. पहिला गडगडाट ऐकला की दांडी खाली ठेवा आणि पाळीवरून उतरा, झाडाखाली नाही. पायात घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, पाळीवरच्या गवतात घोणस असते.

सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर, पाणी निवळलेलं, पाला दाट, मासा धष्टपुष्ट. माझा हाच आवडता हंगाम. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की मरळ चिखलाशी सुस्त पडते. तेव्हा दुपारी बारा ते तीन, उन्हाच्या काठानं, सॉफ्ट प्लास्टिकची मासोळी अगदी रेंगाळत आणा. एखादी लागते. नाहीतर ते दोन महिने मी रील उघडतो, जुनं वंगण पुसून नवं लावतो, ब्रेड उलटा गुंडाळून न वापरलेला टोकाचा भाग वर आणतो, आणि ओल्या फ्रॉगांच्या गऱ्या गंजल्या आहेत का ते एकेक पोट दाबून पाहतो.